पांढरा मोरचूद निसर्गात सापडतो का?

रसायनवाल्या_बाई (दांडिया बाजार, बडोदा)
दहावीला स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) शिकवताना परीक्षानळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तापवते. निळा रंग उडतो, पांढरी भुकटी उरते, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. गार झाल्यावर थेंबभर पाणी घातलं की पुन्हा निळं. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, हे पांढरं कुठे आपोआप तयार होतं का?" तिला खरं उत्तर द्यायचंय. असे क्षार ज्वालामुखीपाशी धरतात असं ऐकलंय. आपला पावागडही ज्वालामुखीच्याच खडकाचा, तिथे शोधला तर मिळेल?

खडकवेडा (बडोदा)
बाई, मुलीला आधी शाबासकी द्या. होतं! नाव चाल्कोसायनाइट. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरचं हे खनिज तिथले खनिजशास्त्रज्ञ स्काक्की यांनी १८७३ मध्ये नोंदवलं. रशियात कामचात्कातल्या तोल्बाचिक ज्वालामुखीवर १९७५-७६ च्या उद्रेकात तयार झालेल्या वायुमुखांपाशीही (गरम वायू सोडणाऱ्या भेगांपाशीही) ते मिळालं आहे. भेगांतून येणाऱ्या वायूंत तांबं क्लोराइडच्या रूपात वर येतं, गंधकाचे वायू आणि हवेतला ऑक्सिजन यांच्याशी जुळतं, आणि भेगेच्या तोंडाशी सल्फेटचे बारीक स्फटिक धरतात. तिथली उष्णता एवढी की पाणी स्फटिकात शिरूच शकत नाही. तुम्ही नळीत पाणी हाकलता, तिथे ते मुळातच आत येत नाही. रंग मात्र पांढराच असेल असं नाही, फिकट हिरवट, पिवळसर, तपकिरीही असतो.

पावागडावर नाही मिळणार. तो ज्याचा बनलाय तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हे खनिज पाण्यात विरघळतं. दमट हवेतसुद्धा निळं पडतं. तेव्हा झालंही असेल, तरी टिकायला एक पावसाळाही जड. आपल्या बेसाल्टच्या (या लाव्ह्याच्या काळ्या खडकाच्या) पोकळ्यांत गारगोटी आणि झिओलाइट ही खनिजं बघायला मिळतात, तीच मुलांना दाखवा. मला तर त्यांचंही तेवढंच अप्रूप आहे.

मालती_इंदूर
नमुना हाती आला तर ठेवायचा कसा?

खडकवेडा
घट्ट झाकणाच्या बाटलीत, ओल शोषणारं सिलिका जेल घालून. आणि बाई, नळी मंद आचेवरच तापवा, खिडक्या उघड्या ठेवा. फार तापवलं तर गंधकाचे घसा धरणारे वायू सुटतात आणि शेवटी काळं कॉपर ऑक्साइड उरतं. मधल्या पायरीवर जे तपकिरी संयुग बनतं, तेही व्हेसुव्हियसवर सापडतं: डोलेरोफेनाइट. स्काक्कींनीच नोंदवलेलं.

रसायनवाल्या_बाई
हे डोलेरोफेनाइट मला नवीनच! सोमवारी तिला फळ्यापाशी बोलावून तिच्याकडूनच दोन्ही नावं लिहून घेते.