देव्हाऱ्यापेक्षा हातातल्या कामात देव अधिक जाणवतो का?

चर्चाप्रस्ताव:
गेली तीन वर्षे आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून आहे. सकाळी कोमट पाण्यात पंचा पिळून तिचे अंग पुसताना, डाव्या हाताची मिटलेली बोटे एकेक करून उलगडताना, खोलीत आम्हां दोघींशिवाय आणखी कोणी आहे अशी जाणीव मला होते. देव्हाऱ्यासमोर हात जोडल्यावर ती क्वचितच होते. सावता माळ्यांनी कांदा, मुळा, भाजीतच विठाई पाहिली आणि अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. त्याचा अर्थ मला आता कळू लागला आहे. ईश्वराचे सान्निध्य प्रथम हातातल्या कामात शोधावे, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद:
आपल्या कष्टांविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. आपण जिला सान्निध्य म्हणता, ती आपलीच माया आहे. तिचे श्रेय देवाला देण्याचे कारण मला दिसत नाही. त्याहून गंभीर आक्षेप असा, की ‘सेवा हीच पूजा’ हे आपल्याकडे बहुधा बायकांनाच ऐकवले जाते. जनाबाईंना विठ्ठल दळू लागला म्हणतात, परंतु नामदेवांच्या घरची दासी म्हणून त्यांच्या वाट्याला आलेले जाते काही सुटले नाही. चोखोबांना देव अंतरी भेटला म्हणून देऊळ उघडले नाही; पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अशा जाणिवेने मन निवते खरे, पण निवलेले मन प्रश्न विचारायचे सोडून देते, याचे मला भय वाटते.

धागालेखिका:
आपला आक्षेप मनाला लागला, कारण पहिली दोन वर्षे रात्रीचे जागरण मी एकटीच करत होते आणि त्याला पुण्य समजत होते. मात्र ते उपोषण करणारे गुरुजी स्वतः भाविक होते, हेही ध्यानात घ्यावे. दळण सुखाचे असते असे जनाबाईंनी कुठे म्हटले आहे? दळताना सोबत आहे, एवढेच त्या सांगतात. मागच्या दिवाळीत मी भावाशी स्पष्ट बोलले. आता एक दिवसाआड रात्री तो आईची कूस बदलतो. माझे काम निम्मे झाले, ती जाणीव मात्र तेवढीच राहिली.

प्रतिसाद:
रात्री वाटून घेतल्यात, हे वाचून बरे वाटले. देवाविषयी माझे मत तेच आहे. भावालाही तसे काही जाणवते का?

धागालेखिका:
मी त्याला विचारलेले नाही. परवा त्याने मला एवढेच विचारले, की आईची बोटे उलगडताना आधी अंगठा सोडवायचा की करंगळी.