जिम ट्रेनरने डाएट चार्ट द्यावा का? तुमचं मत सांगा

फोंडेकर: आमच्याकडे गोव्यात आता वाड्यावाड्यावर जिम झाल्यात, चांगलंच आहे, पण ॲडमिशन घेतली की ट्रेनर लगेच व्हॉट्सॲपवर चार्ट टाकतो आणि तो सगळ्यांना एकच, ओट्स, अंड्याचा पांढरा भाग, ब्रोकोली, भात बंद. माझ्या मावसभावाला शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू, त्याला सोळा तास उपाशी राहायला सांगितलं. ट्रेडमिलवरच दरदरून घाम आणि हात थरथरायला लागले. ही गोळी इन्सुलिन वाढवते, पोट रिकामं असलं तर शुगर खाली येणारच ना? २०२३ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या (देशभरातल्या मधुमेहाच्या) पाहणीत मधुमेह देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघाला, २६.४ टक्के. अशा राज्यात आहाराचं ट्रेनिंग न घेता चार्ट देणं बंद व्हायला पाहिजे.

ट्रेनर_म्हापसा: गोळी चालू असलेल्याला उपाशी ठेवणं चूकच, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मेंबर पहिल्याच दिवशी विचारतो, सर काय खाऊ? मी गप्प बसलो तर तो रील बघून खाणार. डाएटिशियनकडे पाठवले तर बहुतेक जण जातच नाहीत, गेलाच तर वेट मारणाऱ्या पोराला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लिहून देतात, तो आकडा सर्वसाधारण माणसाचा आहे. व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम हे क्रीडा-पोषणवालेच सांगतात.

आहारतज्ज्ञ_मडगाव: आकडा बरोबर आहे दादा, पण किडनी धड असलेल्यासाठी. क्रिएटिनिन वाढलेल्याला, म्हणजे किडनी नीट काम करत नसलेल्याला, तोच आकडा लावला तर? आम्ही हॉस्पिटलात इंटर्नशिप करून हेच शिकतो, दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटात ते येत नाही. ट्रेनरने आहार शिकावाच, पण त्यात पहिला धडा शुगर, बीपी, किडनी, गरोदरपण हे विचारायचा आणि कुठे थांबायचं याचा. दुसरा धडा आपल्या ताटाचा. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं, वर आळसांदे (चवळी), तांबडी भाजी (लाल माठ), मग ब्रोकोली कशाला? सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं, जून-जुलैत मासेमारी बंद असते, हे चार्ट करणाऱ्याला माहीत नको?

पेडणेवाला: सर्टिफिकेट सक्तीचं केलं की मोठ्या जिम फी भरून मोकळ्या होणार आणि गावात चार डंबेल घेऊन पोरांना दारूपासून लांब ठेवणारा मुलगा बंद पडणार. कागद आला म्हणून अक्कल येते असं नाही, आणि हे सगळे कोर्स इंग्रजीत, त्यांना कळणार कसे?

फोंडेकर: मग मराठी-कोकणीत घ्या, सरकारने फुकट घ्यावेत, पण जो मुलगा औषध चालू आहे का एवढंही विचारत नाही त्याला गरीब म्हणून सूट कशी द्यायची? आणि चार्टाबरोबर प्रोटीनचा डबाही तोच विकतो त्याचं काय? २०२४ च्या आयसीएमआर-एनआयएन (राष्ट्रीय पोषण संस्था) आहार मार्गदर्शिकेत स्नायू वाढवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं सरळ लिहिलंय.

ट्रेनर_म्हापसा: डबा विकणाऱ्याने चार्ट देऊ नये, हे मलाही पटतं. संध्याकाळची बॅच सोडून कोर्स ठेवा, मी पहिला नाव घालतो. पण ज्याला काही आजार नाही अशा पोराला उकडा भात किती आणि हुमण (माशाची आमटी) किती हे सांगायलाही डाएटिशियनची सही लागणार असेल तर त्याला माझा विरोधच राहील.