नव्या स्टुडिओत तुम्ही 'आपले' कधी झालात?

मातकट
आज आमच्या मातीकामाच्या स्टुडिओत भट्टी भरताना एक नवी मुलगी वाटी हातात घेऊन दारातच उभी राहिली. "ही कुठे ठेवू?" एवढंच विचारलं तिने, पण आवाज हुबेहूब माझा, नऊ वर्षांपूर्वीचा.

मी आले तेव्हा सगळ्यांची चाकं ठरलेली, ॲप्रनचे खिळेही ठरलेले. माझा ॲप्रन मी महिनाभर पिशवीतूनच नेत-आणत होते. कुणी वाईट वागत नव्हतं. मला कुणी काही सांगत नव्हतं आणि मीही विचारत नव्हते. मग पहिल्याच भाजणीत भट्टीतून 'ठप्प' आवाज आला. माझाच पेला. बूड जाड, आत ओल राहिलेली, तिची वाफ झाली. १,००० अंशांपर्यंत गेलेली भट्टी निवायला दुसरा दिवस उजाडला, तोवर झोप नाही. दार उघडलं तर माझ्या ठिकऱ्या सगळ्यांच्या भांड्यांत. भांड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावलेला असता तर तुकडे कायमचे चिकटले असते. ज्येष्ठ ताईंनी माझ्या हातात ब्रश दिला, "चल, मिळून झटकू." झटकता झटकता सांगितलं, भांडं गालाला लावून बघायचं, गार लागलं तर अजून ओल आहे. त्या दिवशी ॲप्रन खिळ्यावर टांगून घरी गेले.

तुमचंही लिहा. माती, शाई, लाकूड, काहीही.

लालदिवा
डार्करूम, फोटो धुण्याची. दुसऱ्याच दिवशी फिक्सरचा (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचा) चिमटा डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) बुडवला. थोडा फिक्सर गेला तरी डेव्हलपर बिघडतो, सगळा ओतून नवा करावा लागला. शेजारचे काका एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वेळी गेले तर तिन्ही चिमट्यांना वेगवेगळ्या खुणेच्या चिकटपट्ट्या. आता त्या पट्ट्या मी बदलते.

शाईबोट
पट्ट्यांचं वाचून भरून आलं.
आमच्याकडे एचिंग प्रेस, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून चित्र छापायचं यंत्र, एकच. ज्याचे हात शाईचे त्याने कागदाला शिवायचं नाही, म्हणून सोबत कुणीतरी स्वच्छ हातांचं लागतं. पहिले सहा महिने सगळ्यांचे स्वच्छ हात मीच. वाटायचं, राबवून घेतायत. पण प्लेटवरून कागद उचलणारा मी, म्हणजे प्रत्येकाचा पहिला ठसा त्याच्याआधी मी पाहिलेला! एकदा एक जण उचलायच्या आधी मलाच म्हणाला, "कसा आलाय सांग, मला भीती वाटते." तेव्हा

बाळ उठलं, नंतर लिहितो.

रिकामं_चाक
सगळ्यांचं असं होत नाही हो. दीड वर्ष गेले एका ठिकाणी. भट्टी लागली हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं. शेवटी सोडलं. अजूनही कुठे चाक दिसलं की पोटात तुटतं.

मातकट
@रिकामं_चाक तुमचं काहीच चुकलं नव्हतं. भट्टीची तारीख दारावर खडूने लिहिली असती तरी पुरलं असतं. आम्ही लिहितो. माती सोडू नका, खरंच सांगते.

धागादोरा
थोडं विषयाबाहेर. मुलाने मातीची चिमणी केलीय, भरीव आहे. भाजता येईल?

मातकट
भरीव नको. चामड्यासारखी घट्ट झाली की पोट कोरून पोकळ करा, भिंत साधारण बोटाएवढी, खालून एक भोक. सावलीत निवांत वाळू द्या. भट्टीतही आधी १०० अंशांच्या आत काही तास, मग वर.

शाईबोट
पंख पातळ असतील तर ते आधी सुकून तडकतात ना? प्लास्टिकने झाका.

रंधा
लाकूडवाला. पहिल्या दिवशी रंधा पात्यावर उभा ठेवला, तिघांचे हात एकदम आले आडवा करायला. धार जाते. मी घाबरून आठवडाभर गेलोच नाही. परवा एका नव्या पोराने तसाच ठेवला. मी आडवा केला आणि लगेच, "धारेसाठी रे, तुझ्यावर राग नाही," असं सांगून टाकलं.

रिकामं_चाक
हे वाक्य मला कुणी म्हणायला हवं होतं.
@मातकट त्या मुलीची वाटी कुठे ठेवलीत शेवटी?

मातकट
मधल्या फळीवर, माझ्या बरणीशेजारी. आधी तिच्याच गालाला लावायला सांगितली. परवा उघडणार.

धागादोरा
पोकळ करताना चोच तुटली 😢 मुलगा रडतोय.

मातकट
ओलसर आहे ना अजून? दोन्हीकडे खरवडा, पातळ माती लावून दाबा. त्यालाच लावू दे. फोटो टाका.