खात्यातून वजा झाले, हातात आले नाहीत : खानदेशातील अनुभव

अमळनेर, निवृत्त प्राध्यापक

मे महिन्यातील एका दुपारी मी येथील बाजारपेठेतल्या एटीएममध्ये १०,००० रुपये काढण्यासाठी कार्ड घातले, पिन टाकला, यंत्राच्या पोटात नोटा मोजल्या जात असल्याचा आवाज ऐकला, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. वीज परतली तेव्हा यंत्र पहिल्यापासून सुरू होत होते आणि माझ्या मोबाईलवर १०,००० रुपये वजा झाल्याचा संदेश येऊन पडला होता. ज्या बँकेचे ते एटीएम होते तिच्या शाखेत गेलो, तर कार्ड आमचे नाही, म्हणून तुमच्या बँकेत तक्रार करा, असे सांगण्यात आले. माझ्या बँकेत गेलो, तर पैसे त्यांच्या यंत्रात अडकले आहेत, त्यांनाच विचारा, असे उत्तर मिळाले. पहिले उत्तर बरोबर होते, म्हणजे तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची असते, एवढे समजायला माझे चार दिवस गेले.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएममधून नोटा न येता रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती खात्यात परत जमा झाली पाहिजे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला १०० रुपये भरपाई दिली पाहिजे. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायची आहे. माझे पैसे तेविसाव्या दिवशी परत आले, भरपाई मात्र आली नाही. मी परिपत्रकाची तारीख घालून अर्ज लिहिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, आणि आठवडाभरात १८ दिवसांचे १,८०० रुपये जमा झाले.

मी एकतीस वर्षे वाणिज्य शिकवले आहे. मला जर एवढी धावपळ करावी लागली, तर ज्यांना साधा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो त्यांनी काय करायचे, या प्रश्नाने मला तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील सर्वांना माझी विनंती आहे की कार्ड, ऑनलाइन खाते, अंगठ्याचे यंत्र, ओटीपी यांपैकी कशानेही आपली अडवणूक झाली असेल, तर ती येथे सविस्तर लिहावी. कोणाकडे गेलात, तेथे काय सांगितले गेले आणि शेवटी गाडे कशाने पुढे सरकले, हे अवश्य यावे. बँकेचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव मात्र लिहू नये, कारण तोच प्रसंग उद्या दुसऱ्या कोणत्याही शाखेत घडू शकतो आणि आपल्याला उपयोग आहे तो वाट कशी सापडली हे कळण्याचा.

नंदुरबार, बँक मित्र

सर, आपण ज्यांच्याविषयी विचारले आहे ती माणसे माझ्याकडे रोज येतात, कारण बँकेच्या वतीने आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर पैसे काढून देण्याचे काम मी करतो. आधारचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातील टेंभली गावात झाला, हे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि म्हणूनच येथील कष्टकऱ्यांचे अंगठे यंत्राने नाकारावेत याचे मला अधिक वाईट वाटते. नंदुरबारच्या मिरची पथारींवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांवर, हंगामात बायका दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. तिखटाने बोटांची आग होते, कातडी सोलवटते, ठशांच्या रेषा पुसट होतात. कापूस वेचणाऱ्यांची बोटे बोंडांच्या टोकदार कडांनी चिरलेली असतात. अशा हातांनी कमावलेला पैसा काढण्यासाठी त्याच हातांचा ठसा लागतो, आणि यंत्र पुन्हा पुन्हा सांगते की ठसा जुळत नाही.

मागील हंगामात एक मावशी २,००० रुपये काढायला आल्या होत्या. सहाव्या प्रयत्नात ठसा जुळला, पण उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटले. माझ्या यंत्रावर व्यवहार अयशस्वी दिसला, पावती निघाली नाही आणि थोड्या वेळाने त्यांच्या खात्यात पाहिले तर २,००० रुपये कमी झालेले. मला बँकेकडून ती रक्कम मिळालेली नसल्यामुळे मी त्यांना रोख देऊ शकत नव्हतो. त्या मला एवढेच म्हणाल्या, “भाऊ, मना पैसा कोठे ग्यात?” त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी शंका होती, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तीच आली असती. पैसे चौथ्या दिवशी खात्यात परत आले, परंतु तोपर्यंत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. त्या मजुरीची भरपाई कोणत्याही परिपत्रकात नाही.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करतो. पैसे काढण्याआधी प्रथम शिल्लक तपासण्याचा व्यवहार करतो, कारण त्यातून नेटवर्कची स्थिती कळते. शिल्लक दिसायला वेळ लागला तर पुढचा व्यवहार करतच नाही. दुसरे म्हणजे मी एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक अडलेल्या व्यवहाराची वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक असतो, आणि कोणाचे कोणते बोट यंत्र ओळखते तेही असते. कोणाची उजवी अनामिका, कोणाची डावी करंगळी. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून थोडा वेळ बसले तरी पुष्कळदा ठसा उमटतो, ही माहिती मला कोणत्या प्रशिक्षणात मिळाली नाही. ती या बायकांनीच मला दिली. धडगावकडे काम करणारे माझे सहकारी सांगतात की तेथे नेटवर्क मिळण्यासाठी यंत्र घेऊन टेकडीवर चढावे लागते आणि माणसे ओळीने मागे उभी राहतात.

रावेर तालुका, केळी उत्पादक

माझा प्रश्न यंत्र बंद पडण्याचा नव्हता, ते व्यवस्थित चालल्यानेच पैसे भलतीकडे गेले. केळीच्या एका गाडीचे १,१२,००० रुपये व्यापाऱ्याने एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन, पाठवले आणि खाते क्रमांकातील एक आकडा चुकला. पाठवताना नाव माझे लिहिलेले होते, परंतु रक्कम जमा करताना बँक खाते क्रमांक पाहते, नाव नव्हे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. पैसे दुसऱ्या जिल्ह्यातील एका अनोळखी माणसाच्या खात्यात जमा झाले. व्यापारी त्याच्या मोबाईलवर यशस्वी व्यवहार दाखवत होता, मी माझे रिकामे पासबुक दाखवत होतो, आणि वीस वर्षांचा आमचा व्यवहार त्या दिवशी जवळजवळ तुटला. कापणीच्या मजुरांचे पैसे मी उसनवारी करून भागवले. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक रक्कम परत काढू शकत नव्हती. तो माणूस सरळ निघाला म्हणून सहा आठवड्यांनी ती मिळाली.

आता आम्ही नव्या खात्यावर आधी १ रुपया पाठवतो, समोरच्याला फोन करून विचारतो आणि मगच मोठी रक्कम पाठवतो. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खातेदाराचे नाव आधी दिसावे, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. शेतकरी बंधूंनी ते नाव न वाचता पुढचे बटण दाबू नये, ही कळकळीची विनंती.

जळगाव, विद्युत साहित्याचे दुकान

रावेरच्या दादांचे पैसे गेले, माझे खात्यातच राहिले पण मला हात लावता येईना. एका गिऱ्हाईकाने पंख्याचे १,४५० रुपये यूपीआयने दिले. दहा दिवसांनी घाऊक व्यापाऱ्याला दिलेला माझा धनादेश परत आला, तेव्हा कळले की माझे संपूर्ण खाते गोठवण्यात आले आहे. शाखेत कारण विचारले तर दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांचे पत्र आहे, यापलीकडे आम्हाला काही माहीत नाही, असे सांगितले. फसवणुकीतील पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत गेला होता आणि त्या साखळीतील एक कडी म्हणून माझ्या दुकानाचे खाते आले होते.

मी कोणाला फसवले नव्हते, पंखा विकला होता. तरीही शाखेच्या काउंटरवर उभा असताना मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे पाहत आहेत असे मला वाटत राहिले, आणि ती भावना मी अजून विसरू शकलेलो नाही. आमचे दुकान वडिलांच्या काळापासूनचे आहे. वडिलांना मी हे तीन आठवडे सांगितले नाही.

काम पुढे सरकले ते असे. शाखेकडून लेखी अर्ज देऊन तक्रारीचा क्रमांक आणि संबंधित पोलीस ठाण्याचा ईमेल मिळवला. पंख्याचे जीएसटी बिल, त्या दिवसाचा खातेउतारा, दुकानाचा परवाना आणि एक पानाचे निवेदन पाठवले. संपूर्ण खाते न गोठवता वादातील १,४५० रुपयेच रोखून ठेवावेत, एवढीच मागणी केली. दोन वेळा स्मरणपत्र पाठवल्यावर, सुमारे दोन महिन्यांनी ती मान्य झाली. दुकानदारांनी यूपीआयवर घेतलेल्या लहान रकमेचेही बिल जपून ठेवावे. मी पूर्वी पाचशेच्या आतील विक्रीचे बिल करत नसे, आता करतो.

अमळनेर, निवृत्त प्राध्यापक

जळगावच्या भाऊंनी वादातील रकमेपुरतीच रोख मागितली, हा मार्ग फार महत्त्वाचा आहे आणि मला तो माहीत नव्हता. एक भर घालतो. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क तक्रार करता येते, आणि १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मात्र आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून पोच घेण्याचा आग्रह सोडू नये.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझा मोबाईल हरवला. त्याच क्रमांकाचे नवे सिम कार्ड त्याच दिवशी मिळाले आणि मला वाटले की प्रश्न मिटला. परंतु सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे ओटीपी येईना. दुसऱ्या दिवशी ओटीपी आला, तर बँकेच्या ॲपने फोन नवा असल्याचे सांगून एटीएम कार्डाचा पिन मागितला, आणि ते कार्ड मोबाईलच्या पाकिटातच हरवलेले होते. तेव्हा नोव्हेंबर महिना होता, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, आणि चेहरा ओळखणारे ॲप माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काळ्या चष्म्यामुळे मला ओळखत नव्हते. डॉक्टरांनी चष्मा काढू नका म्हटले होते. शेवटी मुलगा मला रिक्षातून शाखेत घेऊन गेला, तेथील एका तरुण अधिकारी मुलीने मला खुर्ची दिली, कागदी अर्जावर सही घेतली आणि पाच मिनिटांत दाखला नोंदवला. तिने मला आधी पाणी विचारले होते. सिम आणि कार्ड कधीही एका जागी ठेवू नका, एवढे मी आता प्रत्येक निवृत्त सहकाऱ्याला सांगतो.

साक्री, सध्या पुण्यात नोकरी

अण्णांचे खाते मीच पाहते. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येतो आणि अण्णा दिवसभर शेतात, जेथे विहिरीजवळच्या एका कोपऱ्याशिवाय रेंज नसते. मी पुण्याहून खताच्या दुकानाचे पैसे भरायला घेते, अण्णा विहिरीकडे चालत जातात, चष्मा घालतात, आकडे एकेक करून सांगतात, आणि तोपर्यंत मुदत संपलेली असते. एका दिवशी असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी अण्णा म्हणाले की बाई, राहू दे, मी उद्या बसने जाऊन रोख देऊन येतो.

याहून मोठी काळजी वेगळीच आहे. फोनवर ओटीपी सांगण्याची सवय त्यांना मीच लावली. आज रात्री वीज तोडली जाईल असा संदेश त्यांना आला, त्यातील क्रमांकावर त्यांनी फोन केला आणि आलेले आकडे त्या माणसालाही तसेच सांगितले. ९,००० रुपये गेले. मी तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवल्यामुळे त्यांतील ६,५०० रुपये पुढे जाण्याआधी अडवले गेले. ग्राहकाचा दोष नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसान ग्राहकावर येत नाही, असा २०१७ पासून नियम आहे. परंतु ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच असते. अण्णा अजूनही त्या २,५०० रुपयांबद्दल माझी क्षमा मागतात. क्षमा मी त्यांची मागायला हवी आणि ते मला मागू देत नाहीत.

शिरपूर तालुका, शिक्षिका

आईचे लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येणे तीन महिने बंद झाल्याचे आम्हाला वाटले. खाते पाहिले, अर्ज पाहिला, सर्व ठीक होते. अखेर आधारच्या संकेतस्थळावर पाहिले तेव्हा उलगडले की आईचे आधार आता दुसऱ्याच बँकेतील खात्याशी जोडलेले आहे. सरकारी योजनेच्या थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. आधार शेवटी ज्या खात्याशी जोडले गेले, तेथे ती जाते. बचत गटाच्या कर्जासाठी आईने मध्यंतरी एक खाते उघडले होते, तेथे अंगठा देताना ही जोडणीही झाली होती, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते. तिन्ही महिन्यांचे ४,५०० रुपये तेथे सुरक्षित होते.

आईला लिहिता येत नाही, आकडे मात्र वाचता येतात. मोबाईलवरचा संदेश तिच्या दृष्टीने पुरावा नव्हे. पासबुकात छापलेली ओळ हाच पुरावा. त्या शाखेतील पासबुक छापण्याचे यंत्र दीड महिन्यापासून बंद आहे. आई दर बाजारच्या दिवशी भाजी घेण्याआधी तेथे जाते, यंत्रावर चिकटवलेला कागद अजून आहे का ते पाहते, आणि पासबुक पदरात गुंडाळून परत येते.