जँगो ओआरएम : दोन फिल्टर एकापुढे एक लावले की नको ती नावं यादीत येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ग्रंथालयासाठी एक छोटं सॉफ्टवेअर जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) लिहितोय, डेटाबेसला प्रश्न विचारतो ते त्याच्या ओआरएममधून, म्हणजे एसक्यूएलऐवजी पायथन कोडमधून. मॉडेल (म्हणजे डेटाबेसमधलं एकेक टेबल) दोनच : सभासद आणि नोंद. नोंदीत सभासदाची फॉरेन की (नोंद कुणाची ते सांगणारा दुवा), पुस्तक दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. पुस्तक अजून बाहेर असेल तर परतीची तारीख नल, म्हणजे रिकामी.

२०२४ मध्ये नेलेलं पुस्तक ज्यांनी अजून परत केलेलं नाही, असे सभासद मला हवेत. मी लिहिलं ते असं :

सभासद.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(नोंद__दिली__इयर=२०२४).फिल्टर(नोंद__परत__इझनल=ट्रू)

वाचताना काहीच खटकत नाही. पण यादीत एक बाई आल्या आहेत, ज्यांनी २०२४ ची दोन्ही पुस्तकं वेळेवर परत केली. सध्या त्यांच्याकडे तीन पुस्तकं आहेत, पण ती २०२५ मध्ये नेलेली. शिवाय त्यांचं नाव सहा वेळा आलंय. डिस्टिंक्ट (दुबार ओळी काढणारं) लावलं की सहाचं एक होतं, पण नाव काही जात नाही. याच यादीवरून स्मरणपत्रं गेली. इतक्या नियमाने पुस्तकं परत करणाऱ्या बाईंना ‘तुमचं पुस्तक बाकी आहे’ असं पत्र गेलं, याचं फार वाईट वाटतंय.

हेच दोन फिल्टर थेट नोंद मॉडेलवर लावले तर उत्तर बरोबर येतं. मग सभासदाकडून गेलं की काय बिघडतं? साधी एसक्यूएल लिहून मोकळं होता येईल, पण आधी हे कळायला हवं.

प्रतिसाद १

उत्तर त्या सहामध्येच आहे. २०२४ च्या दोन नोंदी गुणिले बाकी असलेल्या तीन नोंदी. तुमच्या क्वेरीसेटचं क्वेरी अ‍ॅट्रिब्यूट प्रिंट करून बघा, जँगोने बनवलेल्या एसक्यूएलमध्ये नोंदीचं टेबल सभासदाला दोनदा जॉइन झालेलं, म्हणजे जोडलेलं, दिसेल. तारखेची अट एका जॉइनवर, नलची दुसऱ्यावर. म्हणजे तुम्ही विचारलंत ते असं : या सभासदाची कुठलीतरी नोंद २०२४ ची आहे का, आणि कुठलीतरी नोंद बाकी आहे का? दोन्हींचं उत्तर हो, म्हणून नाव आलं.

दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात, स्वल्पविराम देऊन लिहा. मग जॉइन एकच होतो आणि दोन्ही अटी त्याच एका नोंदीला लागतात. हा बग नाही, जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हा फरक दिलेला आहे. नोंद मॉडेलवर अडचण आली नाही, कारण तिथे एक ओळ म्हणजे एक नोंद, जॉइनचा प्रश्नच नाही.

डिस्टिंक्ट मात्र राहू द्या. एखाद्याची २०२४ ची दोन पुस्तकं बाकी असतील तर नाव दोनदा येईलच.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! नाव गेलं, यादी हाताने पडताळली, बरोबर आहे. आता उलट यादी हवी : २०२४ चं काहीच बाकी नसलेले सगळे. त्याच कंसात फिल्टरऐवजी एक्सक्लूड (अटीत बसणारे वगळणारं) लिहिलं, तर त्या बाई इथूनही गायब. दोन्ही याद्यांत नाहीत, असं कसं होईल?

प्रतिसाद २

एका कंसातल्या अटी एकाच नोंदीला लागतात, हा नियम एक्सक्लूडला लागू होत नाही. तिथे एकाच कंसातल्या अटीही वेगवेगळ्या नोंदींनी पुऱ्या झाल्या तरी सभासद वगळला जातो. बाईंची एक नोंद २०२४ ची, दुसरी बाकी असलेली, म्हणून त्या गेल्या.

अशा वेळी मी एक्झिस्ट्स (‘अशी एखादी ओळ आहे का’ एवढंच विचारणारी अट) वापरतो. आत नोंदीची क्वेरी लिहायची : सभासद=आउटररेफ(पीके), म्हणजे बाहेरच्या क्वेरीतला तोच सभासद, इयर २०२४, परत इझनल. एक्झिस्ट्सच्या आधी टिल्डा (~, म्हणजे ‘नाही’) लावला की ‘अशी एकही नोंद नसलेले’ मिळतात, टिल्डा काढला की पहिली यादी. जॉइन नसल्यामुळे दुबार ओळी येत नाहीत, डिस्टिंक्टही लागत नाही. जँगो ३.० पासून एक्झिस्ट्स थेट फिल्टरमध्ये देता येतं, त्याआधी ते अ‍ॅनोटेटने आधी जादा रकाना म्हणून जोडून घ्यावं लागायचं.

आणखी एक तपासा. नुसतं नोंद__परत__इझनल=ट्रू असं कुठे लिहिलं असेल, तर ज्यांनी एकही पुस्तक कधी नेलं नाही तेही त्यात येतात, कारण तिथे लेफ्ट आउटर जॉइन (नोंद नसली तरी सभासदाची ओळ ठेवणारा) होतो आणि न सापडलेल्या नोंदीची तारीखही नलच दिसते. पुढची स्मरणपत्रं जाण्याआधी कोडमध्ये ते शोधून घ्या.