बर्डीच्या लढाईत टाइम ट्रॅव्हलवाला हिरो, इतिहास बदलू द्यायचा का?

महालचा_पेन्सिलवाला:
मी एक कॉमिक काढून राहिलो, हिरो आपल्या नागपूरचाच, आजच्या काळातला, अन् तो जाऊन पडते थेट २६ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर. अप्पासाहेब भोसल्यांची फौज अन् इंग्रज समोरासमोर. आता अडलो इथं की याच्या अंगात एवढी ताकद आहे तर तो इंग्रजांच्या तोफा उलट्या करून लढाई जिंकून का नाही देत? वाचणारं पोरगं पहिले हेच विचारीन. जुन्या कॉमिक्समध्ये हे कसं सोडवलं, कोणाला माहीत असन तर सांगा ना, आपल्या इथल्या राजांवर असं काही वाचायलाच भेटत नाही.

जुना_कॉमिक्सवाला:
भाऊ हा प्रश्न लय जुना आहे. १९६० च्या सुपरबॉयच्या (म्हणजे लहानपणीचा सुपरमॅन) एका गोष्टीत तो अमेरिकेच्या अध्यक्ष लिंकनला वाचवायला १८६५ मध्ये जातो, तिथं लपून बसलेल्या, मोठा झालेल्या लूथरला (त्याचा कट्टर दुश्मन) वाटतं हा मलाच पकडायला आला, म्हणून तो लाल क्रिप्टोनाइटनं (सुपरबॉयवर असर करणारा दगड) त्याला जागीच खिळवतो अन् तिकडं लिंकनला गोळी लागते. म्हणजे नियम नाही, एका माणसाची भीती आडवी आली. दुसरी पद्धत १९६२ च्या फँटॅस्टिक फोर या चार हिरोंच्या कॉमिकमधली, खलनायक डॉक्टर डूम त्यांना भूतकाळात पाठवतो अन् त्यांच्यातला थिंगच ब्लॅकबीअर्ड समुद्री डाकू बनून बसतो, म्हणजे हिरोच इतिहासाचा भाग झाला. मला ही दुसरी जास्त आवडते.

वर्धारोड_वाचक:
मला वाटते लढाईत त्याला टाकूच नको. ताकद असून हात बांधलेला हिरो पानोपानी पाहवत नाही बाप्पा. त्याच्यापेक्षा १८१८ घे. इंग्रज अप्पासाहेबांना कैद करून प्रयागकडे नेत होते, ते वाटेतूनच निसटले, पहाऱ्यावरचे शिपाई फितूर झाले होते, मग महादेवाच्या डोंगरात गोंडांनी आसरा दिला, अन् शेवट १८४० मध्ये जोधपूरला. त्या रात्री पहाऱ्यात तुझा हिरो उभा कर ना! इतिहास जसाच्या तसा राहते अन् त्याला खरं काम भेटते. राजा हरला एवढंच शिकवतात, तो निसटून लढत राहिला हे पोरांना कळलं पाहिजे.

टेकडीजवळचा:
लढाईचं एखादं पान काढशीनच, तर टेकड्या दोन दाखव, एक मोठी एक लहान, भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली तेव्हाच इंग्रजांची हालत खराब झाली होती. अन् मागं रेल्वे स्टेशन नको काढू, देशातली पहिली प्रवासी गाडीच १८५३ ची आहे.

महालचा_पेन्सिलवाला:
वर्धारोड भाऊ, पटलं. लढाई पहिल्या चार पानांत, बाकी सगळं निसटण्याच्या रात्रीवर अन् डोंगरावर. गोंडी बोलणारं कोणी आहे का इथं? डोंगरातले संवाद गोंडीतच ठेवायचे आहेत, तपासून पाहिजेत.