खाऊच्या डब्यात खसखस नको
परदेशी निघालेल्या मुलांना घरचा खाऊ भरपूर बांधून द्या, असं म्हणतात, ते अगदी पटतं. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या पोराला रात्री घरचा लाडूच आधार देतो. फक्त त्यात खसखस नको! सिंगापूर आणि दुबई, दोन्हीकडे ती न्यायला बंदी आहे, कारण ती अफूच्याच बोंडातली. आपल्याला इंदूरला हे लक्षातच येत नाही. मंदसौर-नीमचकडे अफूची परवान्याची शेती, त्यामुळे माळव्यात खसखस घरोघरी.

लेकीच्या वर्गाची सहल सिंगापूरला निघाली तेव्हा सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते, खसखस सढळ हाताने घातलेली. आदल्या रात्री बंदी असलेल्या वस्तूंची यादी वाचताना माझ्या ध्यानात आलं. त्यांना फार वाईट वाटलं, दोन दिवस खपल्या होत्या बिचाऱ्या. पण मग रात्री अकराला त्यांनीच बेसन भाजायला घेतलं. अनारसे तर नकोतच, आणि मसाला घातलेलं काही देत असाल तर त्यात खसखस वाटली आहे का, हे आजीला नक्की विचारा. आपली शेव मात्र खुशाल द्या.